लकव्याने आखडलेला पाय : घरी काय करायचे, काय टाळायचे

लकवा मारलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा जीव वाचला याचाच घरच्यांना आनंद असतो. पहिले काही दिवस पाय लुळा असतो. उचलून सोडला तर धपकन खाली पडतो. मग कोणाचा दोन-तीन आठवड्यांनी, कोणाचा दीड-दोन महिन्यांनी तोच पाय कडक व्हायला लागतो. गुडघा वाकत नाही, टाच जमिनीला टेकत नाही, पंजा आत वळतो, बोटे आखडतात. घरच्यांना वाटते, पायात जोर आला. तो जोर नसतो, ती आखड असते. या दिवसांत घरात काय केले जाते, यावर पुढचे पुष्कळ काही ठरते. माणूस स्वतःच्या पायाने संडासला जाईल की खाटेवरच राहील, हा प्रश्न याच दिवसांत उभा असतो.

राजापेठच्या आसपासच्या आपल्या वस्त्यांत असे रुग्ण पुष्कळ दिसतात. कोणी बांधकामावर मिस्त्री होते, कोणी ऑटो चालवत, कोणी सफाई कामगार म्हणून राबले, कोणी चार घरची धुणीभांडी करून लेकरे शिकवली. लकवा हा श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या डॉक्टरांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद तपासली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मरणाचे सर्वांत मोठे कारण लकवा निघाले. दर सात मृत्यूंपैकी साधारण एक लकव्याचा होता. जे वाचतात त्यांच्यापुढे पायाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही फक्त पायाबद्दल लिहीत आहोत.

पाय कडक का होतो

दोष पायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते, आणि पायाला हुकूम देणारा भाग निकामी होतो. हा भाग पायाला 'चाल' म्हणतो, तसाच 'सैल हो' असेही म्हणत असतो. तो सैल होण्याचा हुकूम थांबला की स्नायू स्वतःच आवळून राहतात. पोटरीचा स्नायू दणकट, म्हणून तो पंजा खाली आणि आत ओढतो. पाय लांब झाल्यासारखा होतो आणि जमिनीला अडकतो. मग माणूस कंबर उचलून पाय बाहेरून गोल फिरवत चालतो.

या आखडीचा एक स्वभाव लक्षात ठेवावा. झटका दिला की ती वाढते, हळू गेले की ती सोडते. जोरात ओढले तर पाय थाडथाड उडायला लागतो. तोच पाय सावकाश हलवला तर बराच पुढे येतो.

दुसरा धोका महिन्यांनी येतो. स्नायू सतत आखूड राहिला तर तो खरोखरच आखूड होतो आणि सांधा त्याच जागी बसतो. अशी बसलेली टाच घरच्या व्यायामाने खाली आणणे फार अवघड असते. ती तशी बसू न देणे आपल्या हातात आहे.

ताणाने काय होते, काय होत नाही

घरोघरी असे चित्र दिसते : मुलगा सकाळी दहा मिनिटे वडिलांचा पाय ओढतो, सून तेल चोळते, आणि उरलेला दिवस बाबा खाटेवर. घरच्यांची मेहनत खरी असते, पण ती अर्धीच पडते. ताण देण्यावर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला. काही आठवडे किंवा काही महिने नुसता ताण दिल्याने सांध्याची हालचाल म्हणावी तशी वाढत नाही, असे त्यात दिसले.

मग ताण सोडून द्यायचा का? नाही. ताणाने पाय थोडा वेळ सैल होतो आणि आखड आल्यागेल्याची रोज पाहणी होते. त्या सैल झालेल्या वेळात पाय वापरायचा असतो. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचा शाबूत भाग ते काम शिकू शकतो. तो शिकतो तो रुग्णाने स्वतः, पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीतून. दुसऱ्याने पाय हलवून दिला तर मेंदूला फारसे काही शिकायला मिळत नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी हळू ताण, लगेच उठ-बस, मग उभे राहणे आणि चालणे.

पडल्यापडल्या करायचे व्यायाम

पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय रुग्णाला उठवू नका. घरी आल्यावर पुढचे व्यायाम एकदा फिजिओथेरपिस्टकडून हाताने शिकून घ्या, मग रोज करा. खाट झोळ पडलेली नको. तखत किंवा जमिनीवरची गादी चांगली.

१. पोटरी. रुग्ण पाठीवर, गुडघा सरळ. तुम्ही पायाजवळ बसा. टाच आपल्या तळहातात धरा आणि त्याच हाताचा कोपरापर्यंतचा भाग तळपायाला लावा. दुसरा हात गुडघ्याच्या वर. आता टाच आपल्याकडे ओढत अंग पुढे झुकवा, म्हणजे पंजा नडगीकडे जाईल. ताण लागतो पण दुखत नाही, तिथे थांबा. ३० पर्यंत सावकाश मोजा, हळू सोडा. असे ३ ते ५ वेळा. नुसती बोटे दाबू नका. त्याने तळपाय मधूनच वाकतो आणि पोटरी होती तशीच राहते.

२. मांडीचा मागचा भाग. टाचेखाली हात, गुडघा सरळ ठेवून पाय हळू वर उचला. मांडीमागे ताण लागला की थांबा. दुसरा पाय गादीवर सपाट हवा.

३. जांघ. दोन्ही गुडघे वाकवून तळपाय गादीवर टेका. चांगला गुडघा उभा धरून लकव्याच्या बाजूचा गुडघा हळू बाहेर सोडा. ही जागा मोकळी राहिली तर अंघोळ आणि स्वच्छता सोपी होते, चालताना पाय पायात अडकत नाहीत.

४. खुबा. गुडघ्याखाली सतत उशी ठेवू नका. आराम वाटतो, पण खुबा आणि गुडघा वाकलेलेच बसतात. दिवसातून काही वेळ उशी काढून सपाट झोपवा. दम लागत नसेल आणि खांदा दुखत नसेल तर जवळ कोणी असताना दहा मिनिटे पालथे झोपणे चांगले.

५. कंबर उचलणे. गुडघे वाकवलेले, तुम्ही लकव्याच्या बाजूचे पाऊल दाबून धरा. रुग्णाने कंबर वर उचलून ५ मोजायचे आणि खाली यायचे. १० वेळा. श्वास कोंडू देऊ नका, त्याने बीपी चढते. मोठ्याने आकडे मोजायला लावले की श्वास आपोआप सुटतो.

सर्वांत मोलाचा व्यायाम : उठ-बस

एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते. दोन्ही पावले सपाट, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागे. हात पुढे गुंफलेले. आता पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत, आणि उभे राहा. बसताना धपकन बसायचे नाही, हळू.

सुरुवातीला खुर्चीवर घडी केलेली गोधडी टाकून ती उंच करा. उंच बसले की उठणे सोपे. जमायला लागले की एकेक घडी कमी करा. आधी ५ वेळा, मग १० वेळा, दिवसातून तीनदा. माणूस चांगल्या पायावरच सगळा भार देतो. म्हणून चांगले पाऊल थोडे पुढे ठेवायला सांगा, म्हणजे लकव्याच्या पायाला काम करावे लागेल.

मदत करणाऱ्याने लकव्याच्या बाजूला उभे राहायचे. कमरेला ओढणी किंवा रुंद पट्टा घट्ट बांधा आणि तोच धरा. लुळ्या हाताला किंवा काखेत धरून कधीही ओढू नका. त्याने खांदा सांध्यातून निसटतो आणि मग महिनोन्महिने दुखतो. तोंडाने सांगायचे ते एवढेच : "बाबा, तुम्हीच उठा. मी बाजूलेच आहो." ते उठत असताना तुमचा हात फक्त सावध असू द्या.

उभे राहणे आणि चालणे

स्वयंपाकाच्या ओट्याजवळ किंवा खिडकीच्या गजाला धरून उभे राहायला लावा. टाच टेकली आहे का, ते पाहा. दोन मिनिटांपासून सुरू करून दहा मिनिटांपर्यंत न्या. भार एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या पायावर. पुढे चांगला पाय एका विटेवर किंवा बुटक्या पाटावर ठेवायला सांगा, म्हणजे भार आपसूक दुसऱ्या पायावर येतो. भिंतीला हात टेकून, लकव्याचा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, असे ३० सेकंद उभे राहिले की पोटरीला जो ताण मिळतो तो झोपून मिळत नाही. अंगाचा भारच ताण देतो.

चालताना काठी चांगल्या हातात. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी लकव्याचा पाय. हवाई चप्पल नको. आखडलेली बोटे ती धरून ठेवू शकत नाहीत आणि माणूस पडतो. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला. गोधड्या, वायर, उंबऱ्याजवळचे पाणी वाटेतून काढा. बायांनी व्यायामाच्या वेळी लुगडे-साडीऐवजी सलवार किंवा आखूड गाऊन घालावा, पायात कापड गुंतत नाही. खाली बसायचा संडास असेल तर मधून कापलेली खुर्ची किंवा कमोड स्टूल वापरा.

वऱ्हाडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये अमरावती-अकोल्यात चालण्याचा सराव सकाळी आठच्या आत उरका, पाणी भरपूर द्या. थंडीत आखड वाढते, तेव्हा पायावर कोमट पाण्याचा कपडा ठेवून मग ताण द्या. पाणी किती गरम ते आपल्या हाताने पाहा, रुग्णाला चटका कळत नाही.

सेवा जास्त झाली की पाय हरतो

आपल्या घरांत आजारी माणसाला उठू न देणे म्हणजे प्रेम समजतात. ग्लासभर पाणीही हातात देतात. माय-बाप आहेत, त्यांनी आयुष्यभर कष्ट केले, आता आराम करू द्या, असे म्हणतात. भावना चांगली आहे, पण याच आरामात पाय बसतो. पाणी द्या, पण दोन पावलांवर ठेवा. जेवण खाटेवर नको, खुर्चीत बसवून द्या. घरातल्या बाईला लकवा मारला की उलटे घडते. तिचा व्यायाम घ्यायला कोणाला वेळ नसतो आणि ती स्वतः मागत नाही. तिच्याही पायाला तितकेच महिने लागतात, हे घरातल्या पुरुषांनी लक्षात घ्यावे.

नुसते घरच्यांना शिकवून मात्र भागत नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी करायला सांगितले होते. सहा महिन्यांनी त्या गटात आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात फरक दिसला नाही. आम्ही यातून एवढेच घेतो की घरचा सराव हा फिजिओथेरपिस्टचा पर्याय नव्हे. दर दोन-तीन आठवड्यांनी परत दाखवा. व्यायाम सोपा झाला की त्यांनी तो अवघड करून द्यायचा असतो.

पहिले तीन महिने सुधारणा वेगाने होते. नंतर वेग कमी होतो, पण दार बंद होत नाही. वर्ष झाले म्हणून सराव सोडू नका.

काठीची लाज

कितीतरी माणसे काठी घ्यायला लागू नये म्हणून घराबाहेरच पडत नाहीत. इर्विन चौकात आपण बाबासाहेबांच्या ताठ उभ्या पुतळ्यापुढे वाकतो. त्याच बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने गांजले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षेच्या मंचावर ते हातात काठी आणि सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन आले. त्यांचा आजार लकव्याचा नव्हता, पण आधार घेऊन उभे राहण्यात कमीपणा नाही हे यावरून कळावे. विहारात खाली बसता येत नसेल तर खुर्चीत बसून वंदना घ्या. विहाराची सपाट फरशी, भिंत आणि खुर्च्या सकाळी रिकाम्या असतात. वस्तीतल्या दोन-चार रुग्णांना तिथे एकत्र चालवता आले तर एकमेकांकडे पाहून हुरूपही येतो. आपल्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे. धडधाकट माणसाच्या व्यायामाची या शहराला ओळख आहे. आजारी पायाच्या व्यायामालाही वस्तीत तशीच जागा हवी.

गोळी, इंजेक्शन, पट्टी आणि कबुतर

आखड फार असेल तर डॉक्टर बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडीनसारख्या गोळ्या देतात. त्यांनी सुस्ती येते, कधी अशक्तपणा वाढतो. त्या मनाने वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. एखाद्या ठरावीक स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देता येते. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, आणि त्या तीन महिन्यांत व्यायाम केला तरच पैसे कामी येतात. पंजा खाली पडत असेल तर घोट्याची प्लास्टिकची पट्टी, म्हणजे एएफओ, मापाने बनवून मिळते. दुसऱ्याची जुनी पट्टी घालू नका, तिने जखम होते.

कबुतराच्या रक्ताची मालिश, लकव्याचा उतारा, अंगारा-धागा यांवर आजही आपली माणसे हजारो रुपये घालवतात. पहिल्या महिन्यांत थोडी सुधारणा आपोआप होत असते, तिचे श्रेय हे लोक घेऊन जातात. पैशापेक्षा वाईट म्हणजे ते आठवडे वाया जातात.

थांबा आणि दवाखान्यात जा

आखड अचानक वाढली तर आधी कारण शोधा. लघवी तुंबणे किंवा लघवीत जंतू, बद्धकोष्ठता, पाठीवर किंवा टाचेवर जखम, बोटात रुतलेले नख, घट्ट बूट, ताप. रुग्णाला दुखणे जाणवत नाही, पण पाय आखडून सांगतो. कारण गेले की आखड उतरते.

एका पोटरीला सूज, लाली आणि गरमपणा आला तर मालिश आणि व्यायाम दोन्ही बंद. आत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तरी थांबा. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोली अडखळणे हे पुन्हा दिसले तर तेल-कांदा करत बसू नका, १०८ ला फोन करा. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. बीपी-शुगरच्या गोळ्या रोज घ्या, तंबाखू-खर्रा आणि दारू सोडा. दुसरा झटका आला तर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

कुठे जायचे

राजापेठहून राजकमल चौकातून पुढे गेले की इर्विन, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय. अकोल्याच्या वाचकांसाठी सर्वोपचार रुग्णालय. तिथे फिजिओथेरपीची चौकशी करा आणि सुटीच्या कागदावर ती लिहून मागा. दाखल असताना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. काही महिन्यांनी अपंगत्व राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर अनेक सवलतींचा मार्ग उघडतो, साहित्य मिळण्याच्या योजनाही आहेत. रेशन कार्ड, आधार, दवाखान्याचे सगळे कागद एका पिशवीत ठेवा.

भिंतीवर लावायचा दिवसाचा कागद

सकाळी : ताण, कंबर उचलणे, १० उठ-बस, घरात चालणे.
दुपारी जेवणाआधी : १० उठ-बस, ओट्याला धरून उभे राहणे.
संध्याकाळी : ताण, १० उठ-बस, गल्लीत किंवा अंगणात चालणे.

जे झाले त्यापुढे रुग्णानेच चांगल्या हाताने खूण करायची. नातवंडाला मोजायला बसवा, त्याला आकडे येतात आणि आजोबांना सोबत होते. दर रविवारी खुर्चीतून १० वेळा उठायला किती वेळ लागला, तो घड्याळ लावून लिहून ठेवा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही. चार रविवारचे आकडे शेजारी ठेवले की कळतो, आणि पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टकडे जाताना तोच कागद सोबत न्यावा.